औषध न घेणाऱ्या माणसाचं यकृत

माझे पती गेल्यानंतर घर आवरायला काढलं, तेव्हा सगळ्यांत आधी सापडल्या त्या गोळ्या. मोटारसायकलच्या टूलबॉक्समध्ये पान्यांच्या खाली, रेनकोटच्या खिशात, देवघरामागच्या फटीत, कोंबड्यांच्या रिकाम्या खुराड्यात. स्वयंपाकघरातलं लंगडं टेबल बऱ्याच दिवसांपासून डुगडुगायचं थांबलं होतं. त्याच्या पायाखाली रक्तदाबाच्या गोळ्यांचं अख्खं पाकीट घडी करून सरकवलेलं निघालं. मी ते तिथंच राहू दिलं. त्या गोळ्यांनी निदान टेबलाला तरी गुण दिला होता.

ते वरठीला पोलादाच्या कारखान्यात कामाला होते. आंधळगावहून मोटारसायकलनं जायचे, डबा हँडलला लटकवून. भट्टीच्या तोंडाशी उभं राहायला ते कधी घाबरले नाहीत, पण डॉक्टरांनी चिठ्ठीवर पेन टेकवला की त्यांना घाम फुटायचा. माझ्यासमोर गोळी जिभेवर ठेवायची, पाणी प्यायचं, "झालं" म्हणायचं, आणि मग सहज फिरल्यासारखं मागच्या वाडीत जाऊन मुंगन्याच्या झाडाखाली थुंकायचं. मुंगना म्हणजे शेवगा. आमच्या वाडीतल्या मुंगन्याचा रक्तदाब जिल्ह्यात सगळ्यांत चांगला असावा.

सासूबाई म्हणत की ही खोड जन्माची. लहानपणी त्यांना हिवताप यायचा. कडू गोळी द्यायची म्हटलं की मामाजी, म्हणजे माझे सासरे, पाय धरायचे आणि सासूबाई पोराच्या छातीवर बसायच्या. "तरी थुकला," त्या सांगत. "अन् थुकला तं बरोबर माह्या डोळ्यात." ही गोष्ट त्या प्रत्येक पाहुण्याला सांगत. माझे पती शेजारी बसून गालातल्या गालात हसत, जणू एखाद्या पदकाचं वर्णन चाललं आहे.

अशा माणसाच्या यकृतात गाठ निघाली.

गावाला याचा अर्थ एकच ठाऊक होता. ते चहाशिवाय काही पीत नव्हते हे सगळ्यांना माहीत होतं, तरी भेटायला आलेला प्रत्येक जण जाताना मला बाजूला घेऊन म्हणायचा, "वहिनी, लपून घेत असन बिचारा." एकानं तर त्यांना तोंडावरच विचारलं, "काय गा भाऊ, आमाले एकदा बी नाही बोलावलं?" त्यावर ते म्हणाले, "येन ना, चहा पाजतो. तूयं बी लिव्हर खराब करू."

नागपूरला ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी दुपारी वॉर्डात एक मुलगी आली. पांढरा कोट, पायात साध्या चपला, बोलणं अस्सल नागपूरचं. ती डॉक्टर नव्हती, संशोधन करणारी होती. तिनं स्टूल ओढून घेतलं आणि शांतपणे समजावलं की गाठ काढताना तिच्याभोवतीचं थोडं चांगलं यकृतही कापावं लागतं. एरवी ते फेकून देतात. काकांची परवानगी असेल, तर त्यातल्या पेशी ती प्रयोगशाळेत वाढवील आणि त्यांची अगदी बारीक, खसखशीएवढी यकृतं तयार करील.

"कायले?" त्यांनी विचारलं.

"नवीन औषध आलं ना काका, की ते सगळ्यांत आधी यकृताला बाधते का ते पाहावं लागते. उंदराचं यकृत वेगळं, माणसाचं वेगळं. उंदराला चाललं म्हणून माणसाला चालेलच असं नाही. म्हणून आम्ही माणसाच्याच पेशींपासून छोटे नमुने बनवतो अन् औषध आधी त्यांना देऊन पाहतो."

ते उठून बसले. "म्हंजे औषध त्याले द्याल?"

"हो."

"मले नाही?"

"नाही काका."

"मले काहीच घ्या लागन नाही? गोळी नाही, सुई नाही?"

"या कामासाठी काहीच नाही."

"आन पेन," ते म्हणाले. सही करताना त्यांचा चेहरा इतका उजळला होता की शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं मला विचारलं, "घरी सोडून राहिले का यांले?"

ऑपरेशन झालं. ते घरी आले, पुन्हा मुंगन्याखाली जाऊ लागले, धानाची एक रोवणी, म्हणजे लावणी, त्यांनी बांधावर खुर्ची टाकून पाहिली. मग दुखणं परत आलं आणि धान कापून झाल्यावर ते गेले. यापेक्षा जास्त मला या भागाबद्दल लिहिता येत नाही. दोनदा लिहून खोडलं.

आमच्याकडे एक रीत आहे. माणूस जिथं गेला त्या जागी सारवून दिवा लावतात, त्याच्याजवळ ताटात पीठ सारखं करून पसरतात आणि वर बांबूची टोपली पालथी घालतात. दहाव्याच्या सकाळी टोपली उचलून बघायचं, पिठावर काय उमटलं ते. पक्ष्याचा पाय उमटला तर तो पक्षी झाला, गाईचं खूर उमटलं तर गाय. आमच्या एका चुलत सासऱ्यांचा यात हातखंडा आहे. झुरळ चालून गेल्याची रेघ पाहून ते नागाचं कूळ सांगतात. मुंग्यांच्या रांगेत त्यांना एकदा रेल्वे दिसली होती. तो गेलेला माणूस गँगमन होता, म्हणून सगळ्यांना पटलंही.

आमच्या घरी मात्र घोटाळा झाला. टोपली शेतावर राहिली होती. माझ्या जावेनं, म्हणजे धाकट्या दिराच्या बायकोनं, चांगल्या मनानं स्टीलचं नवंकोरं घमेलं पालथं घातलं आणि उंदरानं सरकवू नये म्हणून त्यावर वरवंटा ठेवला. सकाळी सगळे जमले. न्हावी धाकट्या दिराचं डोकं भादरून कोपऱ्यात चहा पीत बसला होता. चुलत सासऱ्यांनी चष्मा पुसला, वरवंटा बाजूला केला, घमेलं उचललं.

पीठ कोरं होतं. पसरताना जावेच्या बोटांनी काढलेली नक्षीसुद्धा तशीच.

मी हळूच म्हणाले, "घमेल्याच्या आत मुंगी तरी कशी जाणार?"

"तू थांब वो मास्तरीन," चुलत सासरे म्हणाले. ते वाकून पाहू लागले. त्यांच्या उभ्या आयुष्यात कोरं पीठ आलं नव्हतं. सासूबाई दाराच्या चौकटीला टेकून बसल्या होत्या. त्यांचे डोळे पिठावरून हलत नव्हते. त्यांना काही तरी उमटलेलं हवं होतं. काहीही चाललं असतं, झुरळ चाललं असतं.

नेमका त्याच वेळी माझा फोन वाजला. माझ्या फोनचा कानाला लावायचा भाग बिघडलेला आहे, तो फक्त स्पीकरवर बोलतो. दुरुस्त करून आणतो म्हणता म्हणता ते गेले. फोन त्या नागपूरच्या मुलीचा होता. तिला वॉर्डातून बातमी उशिरा कळली होती. रडवेल्या आवाजात ती दोन वाक्यं बोलली आणि मग मला धीर यावा म्हणून म्हणाली, "काकू, एक सांगू? काका आमच्याकडे अजून आहेत. त्यांच्या पेशी जिवंत आहेत. खूप छान वाढून राहिल्या."

न्हाव्याच्या हातातला कप तोंडाशी जाता जाता राहिला.

"पाहा!" चुलत सासरे गरजले. त्यांची अब्रू वाचली होती. "मी म्हनलं ना! तो गेलाच नाही, तं उमटन कुठून?"

धाकटा दीर आपल्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "मंग माहे केस?"

"ते आता परत थोडीच चिकटवता येते, भाऊ," न्हावी म्हणाला आणि पटकन चहा संपवून निघाला. त्याला प्रकरण वाढणार हे दिसलं होतं.

प्रकरण वाढलं. सुतक धरायचं की सोडायचं, तेरवी करायची की थांबायचं, यावर दुपारपर्यंत चर्चा झाली. एकाचं म्हणणं, जाळला तेवढ्याचंच सुतक. दुसऱ्याचं, मग यकृत सोडून बाकीच्याची तेरवी करा. मी आयुष्यभर सातवीच्या मुलांना कांद्याच्या सालीतली पेशी दाखवत आले होते. फळ्याजवळ उभं राहून समजवावं तसं मी सांगू लागले की पेशी म्हणजे माणूस नव्हे. आपलं नख कापलं तरी... एवढ्यात सासूबाई बोलल्या. त्या सकाळपासून पहिल्यांदाच बोलत होत्या.

"तो अर्धा तिथं राहिला, अन् अर्धा इथं जाळला. अर्ध्या मानसाले वर कोन घेईन? जा, त्याले आना. पूरा करा. मंग मी भात खाईन."

भात सोडणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसालाच कळेल. आमच्याकडे सकाळी भात, संध्याकाळी भात आणि मध्ये भूक लागली तर तांदळाचंच दुसरं काही. जावेनं पोहे केले. सासूबाईंनी ताट सरकवलं, "हे धानाचंच हाये." मुरमुरे आणले, "हे बी." धाकट्या दिरानं भंडाऱ्याहून इडली आणली, हिच्यात तांदूळ दिसत नाही असा त्याचा हिशोब. त्यांनी इडलीचा नुसता वास घेतला आणि त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यानं ती स्वतःच खाल्ली. उरली ज्वारीची भाकर. तोंडात दात म्हणावेत असे दोन, तेही एकमेकांच्या समोर नाहीत. त्या भाकर दुधात कुस्करून खायच्या. दिवसेंदिवस लुगड्यात त्या कमी आणि लुगडंच जास्त दिसू लागलं.

जावेनं एकदा ज्वारीच्या पिठात तांदळाचं पीठ मिसळून भाकर केली. भाकर फार सुरेख झाली. सासूबाईंनी एक घास चघळला, थांबल्या आणि म्हणाल्या, "हा आपल्या तळ्याखालच्या बांधीतला तांदूळ होय." त्या दिवशी त्या दुधावर राहिल्या. जाऊ दोन दिवस माझ्या खोलीत झोपली.

म्हणून मी नागपूरला फोन केला. लांब, वाडीत जाऊन केला. ती मुलगी म्हणाली, "काकू, सही काकांची होती, पण आता तुम्ही पत्नी म्हणून नको म्हणाल तर आम्ही थांबू. जे आहे ते व्यवस्थित नष्ट करू. घाई नाही. तुम्ही ठरवा."

मी विचारलं, "ते ठेवता कशात?"

"छोट्या पेटीत असतात काकू. आत कायम अंगाइतकी ऊब ठेवावी लागते. थंडी चालतच नाही त्यांना."

ते दिवस कडाक्याच्या थंडीचे होते. आमच्या खाटेची दुसरी बाजू हात लावला तर चटका बसावा इतकी गार असायची. मी फोन हातात घेऊन मुंगन्याखाली उभी राहिले आणि म्हटलं, "सांगते विचार करून."

मला सगळं समजत होतं. त्या पेशी म्हणजे ते नव्हेत, त्यांना दुखत नाही, आठवत नाही, माझं नाव त्यांना ठाऊक नाही. परीक्षेत हा प्रश्न आला असता तर मला पूर्ण गुण मिळाले असते. पण 'नष्ट करा' हे दोन शब्द माझ्या तोंडून निघत नव्हते. इकडे म्हातारी वाळत चाललेली, तिकडे ती उबदार पेटी. मी रोज सकाळी ठरवायची की आज फोन करायचा, आणि रोज चहा घेईपर्यंत माझा धीर जायचा. सासूबाईंना मी एवढंच सांगत असे, "विचारलं आहे."

शेवटी त्यांनीच निकाल लावला. "तुयं विचारनं मरेपरेंत चालन," त्या म्हणाल्या. "मी स्वता जाऊन आनतो त्याले."

आम्ही येतोय आणि काय ते तेव्हाच सांगीन, असं मी त्या मुलीला फोनवर कळवलं. निघायच्या दिवशी सासूबाईंनी आपल्या लेकाचा कारखान्याचा डबा काढला, तीन कप्प्यांचा. खालच्या कप्प्यात भात, त्यावर वरण. मधल्यात मुंगन्याच्या पाल्याची भाजी. वरचा कप्पा राखेनं घासून घासून आरशासारखा केला आणि रिकामा ठेवला.

"हे जेवण कुणासाठी?" मी विचारलं.

"दवाखान्यातल्या मानसाले भेटायले रिकाम्या हातानं जातात का?"

"आणि वरचा?"

"त्याले आनायले." त्या माझ्याकडे माझीच कीव आल्यासारखं पाहत म्हणाल्या, "हातात थोडीच आनीन."

वरठीच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहताना कारखान्याचा भोंगा झाला. डबे लटकवलेल्या मोटारसायकली फाटकापाशी थांबल्या होत्या. आम्ही दोघीही तिकडे पाहत होतो आणि दोघीही पाहत नसल्यासारखं करत होतो. सासूबाईंनी डबा पदराखाली घेतला. "गरम राहिला पाहिजे," त्या म्हणाल्या.

ती प्रयोगशाळा म्हणजे लांब बोळासारखी होती. आत जायला परवानगी नव्हती, तरी त्या मुलीनं तिच्या सरांना विचारून आमच्यासाठी बाजूच्या खोलीत सूक्ष्मदर्शक आणि पडदा लावून ठेवला होता. तिथं जायलाही आम्हांला पांढरे कोट, टोप्या आणि चपलांवरून पिशव्या घालायला लावल्या. नऊवारीवर कोट घातल्यावर सासूबाई मोठ्या डॉक्टरीणबाईंसारख्या दिसू लागल्या. समोरून येणारा एक विद्यार्थी त्यांना "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणून गेला.

मुलीनं हातमोजे घातले, एक प्लास्टिकची चपटी ताटली आणून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. ताटलीत सारखे गोल खळगे होते आणि प्रत्येकात थोडं गुलाबी पाणी. पडद्यावर फिकट, गोल गोल दाणे दिसू लागले. काही एकटे, काही एकमेकांना चिकटलेले. कडा अशा चमकत होत्या जशा पहाटे धानाच्या लोंबीच्या चमकतात.

मी चष्मा सारखा केला. मला वाटलं होतं मी रडेन. पण मनात पहिला विचार आला तो असा की यांनी कधी जाड व्हायचं नाव घेतलं नाही आणि इथं बघा, कसे गुबगुबीत झाले आहेत.

सासूबाई पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. "यातला तो कोनता?"

"हे सगळेच काका आहेत, आजी."

"येवढे?" त्या मागे सरकल्या. "एक पोट्टा सांभाळता सांभाळता माहा जीव गेला, अन् हिनं येवढे करून ठेवले!"

"वाढले की वेगळे करावे लागतात," मुलगी सांगू लागली. "एका खळग्यात दाटी झाली तर जगत नाहीत. मग मी थोडे थोडे काढून दुसऱ्या ताटलीत लावते."

"म्हंजे पऱ्हे टाकते अन् रोवते," सासूबाई म्हणाल्या. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. "मंग सांग ना तसं. अन् या बांध्यांत पानी कोन बदलते?"

"मीच. दोन-तीन दिवसांनी. रविवारी पण यावं लागतं."

"खाते काय?"

"त्या गुलाबी पाण्यातच सगळं असतं, आजी. साखर, मीठ..."

"भात?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. "भात नाही, आजी," ती म्हणाली.

सासूबाईंनी एक लांब श्वास सोडला. माय-लेक दोघंही भातावाचून, हे त्यांच्या मनात आलं असावं. मग त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि कामाचं बोलायला सुरुवात केली. "हे पाह्य बाई, मी त्याले न्यायले आलो. पन आधी मले सांग, तू याले करते काय दिवसभर?"

"औषधं देऊन पाहते."

सासूबाईंची मान हळूहळू तिच्याकडे वळली. "औषध? याले?"

"हो."

"अन् हा घेते?"

"घेतात ना."

"थुकत नाही?"

मुलगी गोंधळली. "नाही आजी. थुंकतील कसे?"

सासूबाई पुन्हा पडद्याकडे वळल्या. बराच वेळ त्या गोल दाण्यांकडे पाहत राहिल्या. त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं, बांध फुटला. मी जवळ गेले तर त्या हसत होत्या. तोंडावर पदर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. ते गेल्यापासून त्या हसल्या नव्हत्या. "आता सापडला!" त्या मला म्हणाल्या. "आता सापडला बरोबर! ना मुंगना, ना खुराडं. कुठं जाशीन आता?"

त्या हसल्यावर मीही हसले. ती मुलगीही हसू लागली, कारण न कळता.

मग तिनं दुसरी ताटली लावली. तिच्यातले दाणे काळपट होते, कडा ढासळल्या होत्या. सासूबाईंचं हसू थांबलं. "अन् याइले काय झालं?"

मुलगी खोटं बोलली नाही. "या ताटलीला एक औषध जास्त प्रमाणात दिलं होतं, आजी. हे गेले."

मला वाटलं, आता ही म्हातारी डबा उघडणार आणि म्हणणार, बाकीचे भरा यात.

"म्हंजे त्याचंच खरं होतं," सासूबाई हळूच म्हणाल्या. "गोळीनं मानूस मरते, म्हनत होता. मी छातीवर बसत होतो त्याच्या."

"पण म्हणूनच तर, आजी," मुलगी घाईनं म्हणाली. "यांच्यामुळे आम्हांला आधीच समजलं. आता ते औषध एवढं कुणालाच देणार नाहीत. म्हणजे वॉर्डातल्या पेशंटला ते होणार नाही."

"दुसऱ्याच्या पोट्ट्याले."

"हो."

सासूबाईंनी पहिली ताटली परत लावायला सांगितली. गुबगुबीत दाणे पुन्हा पडद्यावर आले. मुलीनं माझ्याकडे वळून अगदी हलक्या आवाजात विचारलं, "काकू, तुम्ही काय ठरवलं? आज सांगाल म्हणाल्या होत्या."

माझा हात डब्याच्या कडीवर होता. ती गार झाली होती. मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला आजही सांगता येणार नाही.

"अजून किती औषधं द्यायची राहिली याले?" सासूबाईंनी मध्येच विचारलं.

"खूप, आजी. नवीन नवीन येतच असतात."

"मंग नेतो कसा?" त्या माझ्यावरच डाफरल्या, जणू न्यायचा हट्ट मी धरला होता. "जिंदगीभर हर इलाज अर्धा सोडला त्यानं. हिवतापाची गोळी अर्धी, बीपीची अर्धी. आता एका जागी बसून घेऊन राहिला, तं आपन उठवून न्यायचं? असं अर्धवट नाही जमत. पूरा होऊ दे. वरच्याले सांगीन मी, दवाखान्यात हाये म्हनून."

त्यांनी डब्याच्या कड्या उघडल्या. खोलीत मुंगन्याच्या भाजीचा वास पसरला. मुलगी दचकली, "आजी, इथं नाही चालत! अन् काकांना तर बाहेरचं काहीच देता येत नाही."

"मंग हा भात कोन खाईन?"

आम्ही तिघी बाहेर व्हरांड्यात आलो आणि बाकावर बसलो. सासूबाईंनी एक घास काढून डब्याच्या झाकणावर ठेवला. मग वरचा कप्पा, तो राखेनं घासलेला, रिकामा, हातात घेऊन क्षणभर पाहिला, त्यात भात वाढला, वरून वरण घातलं आणि त्या मुलीपुढे धरला. "घे. तूच चारते त्याले, तुलेच खा लागन." मुलीनं घेतला. तिनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, हे तिच्या पहिल्या घासातच दिसलं.

मग त्यांनी स्वतः भात कालवला. पहिला घास तोंडात गेल्यावर त्यांनी डोळे मिटले. मी भाजीचं भांडं पुढे केलं आणि म्हटलं, "माय, सावकाश."

"तुले बी ठेवायचाच होता ना त्याले?" डोळे न उघडता त्या म्हणाल्या.

त्यांनी माझ्या हातावर भाताचा गोळा ठेवला.

जेवण झाल्यावर त्यांनी नळावर डबा धुतला, कप्पे एकावर एक बसवले, कड्या लावल्या. मुलगी पाया पडायला वाकली. सासूबाईंनी तिच्या डोक्यावर ओलाच हात ठेवला आणि दाराच्या काचेतून आतल्या त्या पेटीकडे बोट करून तिला बजावलं, "लक्ष ठेव. थुकला तं मले फोन कर. मी येईन अन् बसीन छातीवर."